शिट्टी वाजेपर्यंत

दुपार झाली तरी अप्पांचं पत्र आलं नाही, तसं ऑफिसात मृण्मयीचं कामातलं लक्षच उडालं. दृष्टी गेल्यापासून ते रोज सकाळी संगणकावर बोटांच्या सवयीने चार ओळी टाइप करून तिला पाठवत. आज फोनही उचलत नव्हते.

कालच तिने त्यांच्या जुन्या, रखडत चालणाऱ्या संगणकाचा कर्नल, म्हणजे त्याची मूळ प्रणाली, नको ते भाग वगळून नव्याने कंपाइल केला होता. एकेक भाग चालवणाऱ्या ड्रायव्हरबद्दल पडदा विचारत होता, हवा की नको? जॉयस्टिक नको, मोडेम नको. संगणक तयार झाल्याची शिट्टी वाजवणारा तो चिमुकला स्पीकर? "ही किरकिर हवीय कुणाला!" म्हणत तिने त्यालाही काट मारली. संगणक भलताच चपळ झाला.

रिक्षा करून ती घरी धावली. अप्पा संगणकासमोर ताठ बसलेले, हात मांडीवर. शेजारच्या गार चहावर साय धरलेली. पडद्यावर कर्सर निवांत लुकलुकत होता.

"अप्पा, लिहीत का नाही?"

"अजून शिट्टी कुठे वाजलीय?"

ती त्यांच्या खुर्चीशी बसली. "आणि फोन?"

"वाजत होता गं सारखा. पण मी बोलत बसलो असतो, अन् नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली असती तर?"