बाणखडकाची वाट

“इथंच बसला होता तुमी.” जयवंतानं पदर सावरत लेण्यातल्या एका मोडक्या खांबाकडं बोट केलं. “माज्या पायात काटा मोडला होता. तुमी तो दातांनी काढलात. आठवतंय का काय?”

येसाजीनं खांबावर हात ठेवला. दगड गार होता. वर कमानीपाशी बायापुरुषांच्या जोड्या नाचता नाचता दगडात थिजल्या होत्या. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचं अर्धं तोंड.

त्याचंही अर्धं तोंड गेलेलंच होतं. ब्रह्मदेशाच्या लढाईत गोळा जवळ फुटला, त्यात डावी बाजू भाजून निघाली आणि मागचं सगळं आयुष्य पुसलं गेलं. सापडला तेव्हा मुठीत असलेल्या बिल्ल्यावर येसाजी कोंडाजी असं नाव होतं. त्यावरून पलटणीनं गाव शोधून काढलं आणि लढाई संपल्यावर त्याला पोशीरला पोचतं केलं. म्हाताऱ्या कोंडाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानं चाचपडत पोराला मिठी मारली आणि मोठ्यानं रडला. येसाजीची बायको जयवंता मात्र दारात उभी राहून कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिली होती. मग आत गेली आणि पाय धुवायला पाणी घेऊन आली.

जुन्या जागा दाखवा, एखादे वेळी आठवेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तिनं कर्जतच्या सुलेमानची मोटार ठरवली होती.

“आठवल्यासारखं वाटतंय,” येसाजी म्हणाला. वाटत काहीच नव्हतं. पण तिला तरी किती वेळा नाही म्हणायचं?

“बरं,” ती म्हणाली. तिला आनंद झाला की नाही, ते कळलं नाही.

उतरताना ती दोनदा चुकली. गुराख्याला हाक मारून वाट विचारावी लागली. “झाडी वाढलीया,” ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटार निघाली. लोधिवलीला सुलेमाननं इंजिनात पाणी भरलं आणि तिघं चहाला उतरली.

“बाणखडकाला चाललाय, पण भरतीच्या आत मागं फिरायचं बरं का, दादा,” सुलेमान म्हणाला. तो मूळचा किनाऱ्याकडचा. “परशुरामानं बाण मारला, तो त्या खडकात घुसला म्हणतात. दर्या मागं सरला आनि ही जमीन वर आली. पन दर्यानं जमीन सोडली, हक्क नाय सोडला. आपलं मागायला येतो तो. आमची मान्सं भरतीला तिथं थांबत नायत. वैनी, तुमी गेल्या व्हत्या ना मागं?”

“गेलो व्हतो की. लग्नाच्या सालीच,” जयवंता म्हणाली आणि बशीतला चहा फुंकू लागली.

पनवेल मागं पडलं. उरणच्या अलीकडं वाऱ्याला खारट वास आला आणि येसाजीच्या तळहातांना घाम फुटला. का, ते त्याला कळेना. छातीत काहीतरी दार ढकलत होतं.

मोटार थांबली. समोर बिनछपराचं देऊळ होतं. गाभाऱ्यात वाळू भरलेली, देव कधीचाच गेलेला. पलीकडं काळा खडक मधोमध चिरलेला होता आणि त्या चिरेतून पाणी आत-बाहेर होताना कुणी झोपेत श्वास घ्यावा तसा आवाज येत होता. आसपास एक पाखरू नव्हतं.

जयवंता वाळूतच थबकली. पदर तोंडाशी धरून ती पाण्याकडं बघत राहिली.

येसाजी मात्र थांबला नाही. त्याच्या पायांना वाट ठाऊक होती. देऊळ डाव्या हाताला ठेवून तो निघाला आणि चालता चालताच बोलू लागला.

“मागं विहीर हाय. गोड्या पान्याची. वर उंडीचं झाड. त्याची एक फांदी पार पान्यात वाकलीय.”

जयवंता आणि सुलेमान त्याच्या मागोमाग आली. देवळाच्या मागं विहीर होती. वर उंडीचं झाड होतं. फांदी पाण्यात वाकलेली होती.

“या अल्ला!” सुलेमान ओरडला. “वैनी, दादांना आठवलं!”

येसाजीला एवढ्या महिन्यांत जे धुक्यासारखं होतं, ते एकाएकी लखलखीत झालं. पाण्याची चव, दुपारचं ऊन, काकणांचा आवाज. ती पायरी. पायरीवर बसलेली ती. तिचं तोंड उन्हाच्या तिरिपेत होतं, तेवढंच नीट दिसत नव्हतं.

“तू हितं बसली व्हतीस,” तो म्हणाला. त्याला रडू आणि हसू एकदम येत होतं. “लाटेचा आवाज झाला की माजा हात घट्ट धरायचीस. मी म्हनलं, पोराला दर्या दाखवायचा तर आईनं भ्यायचं नाय. तवा तू हसलीस. पोटावर हात ठेवून हसलीस. सातवा म्हैना व्हता तुजा.”

बोलता बोलता तो थांबला. चिरेतला आवाज मोठा झाला होता. पाणी चढत होतं.

“जयवंता,” त्यानं विचारलं, “आपलं पोर कुटं हाय गं?”

जयवंता विहिरीच्या काठावर खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण त्याच्याकडं बघणारी तिची नजर तीच होती, दारात उभी असतानाची.

“माजी कूस कदी उजवली नाय,” ती म्हणाली. “आनि माजा येसाजी मला कदी कुटंच घेऊन गेला नाय. ती लेनी मी काल पयल्यांदा बगितली, आनि दर्या आज.”