फक्त मोठ्यांसाठी
क्रूझवरच्या एका जलतरणतलावात मुलांना मनाई होती, म्हणूनच म्हातारा डेस्मंड बायकोला, बेरिलला, त्याच्या काठी बसवायचा. तिला फारसं आठवत नसे. कुठलीही मुलगी दिसली की ती "हिलरी" म्हणून हाक मारायची. त्यांची मुलगी हिलरी सातव्या वर्षीच तापाने गेलेली. त्या दुपारी एक चिमुरडी दोरीखालून आत शिरली, मनसोक्त डुंबली आणि कुडकुडत बाहेर आली. बेरिलने तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं. "किती वेळ पाण्यात गं? ओठ बघ कसे निळे पडलेत." मुलगी गुपचूप डोकं पुसून घेत राहिली. तेवढ्यात तलावावरचा रखवालदार आला. "साहेब, इथे मुलं चालत नाहीत. तुमची आहे का?" डेस्मंडने बेरिलकडे पाहिलं. "आमचीच आहे. केस तेवढे वाळू देत." केस वाळताच मुलगी आईकडे पळाली. संध्याकाळी जेवताना बेरिलने तिसरी खुर्ची मागितली. डेस्मंडने ती स्वतः ओढून आणली.