छप्पनचा मोडेम

"परत एंगेज!" दादासोनं रिसीव्हर असा आपटला की बूथवाला पेंगत होता तो खडबडून जागा झाला.

तिसऱ्यांदा लावला होता. तोही दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःच्याच घरी. दुकानापासून घर हाकेवर, आणि फोन जाईना. त्याचा जाईना, तर इंदापूरहून बापूसाहेबांचा कसा यायचा? बापूसाहेब म्हणजे मुलाचे वडील. रविवारी दादासोच्या लेकीचा, छकुलीचा फोटो बघून बोलले होते, "गुरुवारपत्तोर दिवसाचा कवाबी हापिसातनं फोन लावतो, बघायचा दिस ठरवू. न्हाय जमलं, तर भिगवनची पोरगी हायेच." आज मंगळवार.

"मग तुमीच लावा की इंदापूरला," बूथवाला म्हणाला.

"पोरीकडच्यानं लावायचा? पोर घरात जड झालीय म्हनतील!"

दादासो एम-ऐंशी फटफटवत घरी आला. गाडी लावून, दारातल्या नळावर पाय धुऊन आत गेला तर छकुली कंप्युटरपुढं बसलेली. पडद्यावर पुण्याच्या कॉलेजाचं पान वरून खाली उतरत होतं. एकेक ओळ, जात्यातनं पीठ पडावं तशी.

"बंद कर ते आधी! तुझं इंटरनेट चालू की माझा फोन बंद. कितींदा सांगायचं?"

"आण्णा, आत्ता बसले मी. सकाळपासनं लाईनच मिळत नव्हती."

"थापा मारू नगं."

"खरंच! आणि आपला मोडेम अठ्ठावीसचा आहे, रडत चालतो. छप्पनचा बसवला तर डबल स्पीड. तासाचं काम अर्ध्या तासात. मग फोन तुमचाच."

आतल्या खोलीतनं खोकल्यासारखं हसू आलं. दादासोची आई साखरबाई घोंगडीवर बसून पान कुटत होती. "मोडेन म्हनं! ज्याचं नावच मोडेन, त्ये काय जोडनार रं?"

"आये, तू गप बस."

"मला स्पीड सांगताय व्हय? आमच्या येळंला बिरदेव निरोप्या हुता. भिगवनहून निरवांगीला असा पळत आला, असा पळत आला, की त्याची सावली भिगवनलाच ऱ्हायली. दुसऱ्या दिशी आली बिचारी एकटीच, दमून-भागून, दारोदार त्याचं घर इचारत!"

छकुली खो खो हसली. "एवढा घाईचा काय निरोप होता गं आज्जी?"

"इसरले," आज्जी म्हणाली, आणि परत कुटायला लागली.

दादासोच्या सांगण्यावरनं बुधवारी फिरोज छप्पनचा मोडेम घेऊन आला. गावातल्या कंप्युटरच्या दुकानात तोच एक जाणता होता. जोडल्याबरोबर मोडेम किंचाळला, खरखरला, घशात काही अडकल्यासारखा घरघरला.

"बाळंत हुतंय का काय त्ये?" आज्जीनं आतनं विचारलं.

पण पान धपकन उतरलं. फिरोज म्हणाला, "काका, लाईन एक नंबर हाय. आता कसली तक्रार न्हाय." दादासो खुशीत दुकानी गेला. तासाभरानं सहज घरी फोन लावला. एंगेज.

तो गाडी पळवत परत आला. फोन उचलला तर टोन खणखणीत.

"आण्णा, तुम्ही गेलात की लाईन जाते," छकुली रडवेली झाली. "आणि तुम्ही आलात की येते."

"म्हंजे मी लाईन खिशात घालून फिरतो व्हय? सरळ सांग, तुला लगीन करायचं न्हाय!"

"नाहीच करायचं. शिकायचंय मला. रविवारीच सांगितलं होतं मी."

"फोन येऊ दे, मग बघू!"

गुरुवारी सकाळी दादासोनं मोडेमच उपटला, पिशवीत घातला आणि पिशवी खांद्याला अडकवून दुकानी गेला. आता बघू कशी अडते लाईन.

दुपारी बूथवरनं घरी फोन लावला.

एंगेज.

दादासोनं पिशवीत हात घातला. मोडेम होता. त्यानं फोनकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. मग गाडी तिथंच टाकून तावातावानं पायीच घरी निघाला.

बाहेरच्या खोलीत येऊन त्यानं रिसीव्हर कानाला लावला. टोन नव्हता. आत कुणीतरी काहीतरी कुटत होतं. कुट, कुट, कुट. एका कानात फोनमधनं, दुसऱ्या कानात आतल्या खोलीतनं.

तो आत गेला. आज्जीच्या उशाला त्याच लाईनीवरचा दुसरा फोन होता, एरवी धूळ खात पडलेला. त्याचा रिसीव्हर घोंगडीच्या कोपऱ्यात तान्ह्या पोरासारखा गुंडाळून ठेवलेला.

"आये! चार दिस डोकं फिरवलंस माझं! गाडी वाजली की ठेवत हुतीस व्हय जागेवर? अगं, सोन्यासारखं स्थळ हातचं चाललंय!" त्यानं घोंगडी ओढून रिसीव्हर काढला.

आज्जीनं खलबत्ता बाजूला सारला. आज ती हसत नव्हती.

"बिरदेव लईच स्पीडनं आला रं, दादासो. माझा बा मेंढरं घिऊन कोकनात गेल्याला. त्यो आठ दिसांनी यायचा हुता. त्यो असता तर न्हाय म्हनला असता. पर निरोप आधी आला, आन् चुलत्यानं व्हय म्हनून टाकलं."

"कसला निरोप?"

"माझ्या लग्नाचा. मी नऊ वर्सांची हुते."

रिसीव्हर दादासोच्या हातात तसाच राहिला. फोनवर ठेवायला बोटभर अंतर उरलं होतं.

"आण्णा, तुम्ही कधी आलात?" स्वयंपाकघरातनं छकुलीनं विचारलं. "लागला का फोन?"

"न्हाय," दादासो म्हणाला. त्यानं रिसीव्हर परत घोंगडीत गुंडाळला, आणि वरनं आणखी एक घडी टाकली. "आज लाईन बिझी हाय. मोडेम उद्या जोडू."