‘स’ची तपासणी

मरोळच्या कारखान्यात श्रवणयंत्रं तपासणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम मृणालिनी लिहायची. मशीन प्रत्येक यंत्राला जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत एकेक आवाज ऐकवायचं आणि पास की नापास ते सांगायचं. तिने शेवटी आणखी एक, अगदी बारीक सूर घातला आणि निम्मा माल नापास झाला.

प्रॉडक्शनचे नंदकिशोर सर तडक तिच्या टेबलापाशी आले. “वाट लावलीस ना लॉटची! नियमात तो सूर नाहीच आहे. काढून टाक.”

“सर, ‘स’ तिथेच ऐकू येतो.”

“अगं, एका ‘स’वाचून कुणाचं अडत नाही. माणसं अंदाजाने समजून घेतात.”

“मोठी माणसं घेतात, सर. ही यंत्रं लहान मुलांची आहेत. ज्यांनी ‘स’ कधी ऐकलाच नाही, ती अंदाज कशाचा बांधणार?”

सर आल्या पावली परत गेले आणि सूर राहिला. पंधरा दिवस खपून तिने दोष शोधला, यंत्रातली बारीक जाळी बदलून घेतली आणि माल पास झाला.

पहिली यंत्रं भांडुपला, कर्णबधिर मुलांच्या बालवाडीत गेली. मृणालिनी स्वतः गेली होती. बाईंनी चार वर्षांच्या एका मुलीच्या कानांतली जुनी यंत्रं काढून नवी बसवली आणि रोजच्यासारखी हाक मारली, “सई!”

एरवी लगेच हात वर करणारी ती पोरगी गप्पच राहिली. बाईंनी पुन्हा हाक मारली.

मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, “बाई, माझं नाव अई नाहीये?”