ताटातल्या पिरोह्या

कॅनडातल्या एका युरेनियम शोधणाऱ्या कंपनीत मी भूगर्भतज्ज्ञ. तातोंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रेल्वेच्या नोकरीतली सगळी पुंजी त्याच कंपनीच्या शेअर्समध्ये घातलेली. “जगाला अणुवीज हवीय, खडक आपल्या सस्कॅचेवानचा, आणि तो तपासणारी माझी लेक दारका!” असं चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटलेले.

शुक्रवारी मी नव्या बोअरमधला खडक तपासला. काय निघालं, ते बुधवारी कंपनी जाहीर करेपर्यंत घरातही बोलायची बंदी होती. रविवारी तातोंकडे जेवायला गेले. त्यांनी माझ्यासाठी हाताने पिरोह्या, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, केल्या होत्या; मी एकीलाही हात लावला नाही.

“काय गं, खडक काय म्हणतोय?”

“मला काही विचारू नका ना, तातो!” मी खेकसले आणि भरल्या ताटावरून उठले.

बुधवारी बातमी जाहीर झाली आणि तासाभरात शेअर चौपट झाला. मी लगेच फोन लावला. “तातो, सापडलं! भरपूर सापडलं! पोटात ठेवून ठेवून वेड लागायची पाळी आली होती!”





“जन्मात कधी पिरोह्या टाकून उठली नव्हतीस, पोरी. सोमवारी सकाळीच सगळे शेअर विकून टाकले मी.”