ग्लेनचा नळ

मर्व्हिनने जुन्या फ्रिजच्या दारात ड्रिल घुसवलं, आणि चहाचा कप घेऊन शेडच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या नोलीनच्या काळजात चर्र झालं.

"शनिवारी ग्लेन येतोय ना," तो मागे न बघताच म्हणाला. "पोराला घरच्या नळाचा थंडगार ग्लास मिळायला हवा. बापाने एवढं तरी करावं."

ती काय बोलणार, कपाळ? ग्लेन त्यांचा एकुलता एक. चार वर्षांत दारूने त्याच्या संसाराची पार धूळधाण केली होती. बायको लहानग्या पिपाला घेऊन ॲडलेडला निघून गेली. आता गेले अकरा महिने त्याने थेंबालाही हात लावला नव्हता. एक वर्ष कोरडं काढ, मग पोरीला तुझ्याकडे पाठवते, असं बायकोने बजावलं होतं. हे सगळं त्याने आईला फोनवर सांगितलं आणि वर शपथ घातली. "बाबाला एवढ्यात कळू देऊ नकोस. आधी सांगितलं आणि मध्येच घसरलो, तर त्याला तोंड कसं दाखवू?"

आणि इकडे हा बाबा. जन्मभर मेंढ्या भादरत गावोगाव हिंडलेला. त्याच्या लेखी बिअर म्हणजे दारू नव्हेच. बापलेकांचं बोलणं म्हणाल, तर ते शनिवारी याच शेडमध्ये, हातात ग्लास असेल तेव्हाच. एरवी दोघांच्या तोंडात मूग.

महिनाभर त्याचं हेच चाललं होतं. शेजारच्या कॉलिनने क्लबातलं बिअरचं जुनं पिंप, नळी, नळ, सगळं फुकट दिलं; पिंप फ्रिजात ठेवून नळ दारातून बाहेर काढायचा होता. वाकडे खिळे ठोकून सरळ करणारा हा माणूस, पण नळी आणि पिंपाची रबरं त्याने खुशाल कचऱ्यात फेकली. "त्यात वास मुरतो," म्हणे. नवी आणायला गेला तेव्हा नोलीन बरोबर होती. दुकानातली बाई म्हणाली, "अहो, बिअरला एवढी लांब नळी लागत नाही." "मला लागते," म्हणून याने तिप्पट लांब नळी घेतली. मग फ्रिजपुढे ठेवायला एक बुटकी पायरी केली. गुडघे दुखत असतील म्हातारबुवांचे, असं नोलीनला वाटलं. शेवटी त्याने शेडला आतून कडी घालायला सुरुवात केली. नोलीनची किसणी त्याच आठवड्यात हरवली ती वेगळीच.

बुधवारी तिला राहवलं नाही. ग्लेनचा फोन आला तशी ती भडाभडा बोलली. "अरे, बाबाने तुझ्यासाठी बिअरचा नळ बसवलाय. त्याच्या लाकडी मुठीवर तुझं नाव कोरलंय. सांगून टाकू का त्याला सगळं?"



"नको," ग्लेन म्हणाला. "त्याने हाताने केलेल्या वस्तूला मला कधी नाही म्हणता आलंय, आई?"

शनिवारी भर दुपारी तो रस्त्याच्या टोकाला दिसला. डिसेंबर म्हणजे इकडे ऐन उन्हाळा; ऊन नुसतं भाजत होतं आणि हा चालत येत होता.

"गाडी कुठंय रे?"

"गावात ठेवली. म्हटलं, जरा पाय मोकळे करावेत." त्याच्या तोंडात पेपरमिंटची गोळी होती. नेहमी आईला कवटाळणारा पोरगा आज तिच्या खांद्यावर नुसता हात ठेवून पुढे गेला. उन्हाने शिणलाय, असं तिने मनाशी म्हटलं.

मर्व्हिन धुतलेला शर्ट घालून फ्रिजपाशी उभा होता. "एवढा वेळ? वाटेत कुणाची मेंढरं वळत होतास काय?" असं म्हणून त्याने मूठ ओढली. ग्लास भरला, वर पांढरा फेस चढला. ग्लेनने मुठीवरचं नाव वाचलं. मग ग्लास घेतला. त्याचा हात अगदी स्थिर होता.

"मर्व्हिन, थांब," नोलीन म्हणाली. शपथ गेली खड्ड्यात. "त्याला ते देऊ नकोस. अकरा महिने झाले त्याने..."

पण ग्लेनने ग्लास तोंडाला लावला होता. एक मोठा घोट घेऊन तो थबकला आणि ग्लासात बघत राहिला.

"आल्याचं सरबत आहे," मर्व्हिन जमिनीकडे बघत म्हणाला. "नुसता गॅस भरलाय, दारू आंबवणाऱ्या यीस्टचा कणसुद्धा नाही. सरबताला गॅस जास्त लागतो, म्हणून ती लांब नळी. तुम्ही मायलेक फोनवर कुजबुजता, पण या घराच्या भिंती पत्र्याच्या आहेत. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे." त्याने पायाने ती बुटकी पायरी पुढे सरकवली. "महिन्याभरात पिपा येईल. तिचा हात नळाला पुरावा म्हणून ही केली."

नोलीनला हसू आणि रडू एकदमच आलं. एवढी वर्षं या माणसाबरोबर काढली आणि आपण त्याला ओळखलंच नाही, असं तिला वाटलं. तिने ॲप्रनला डोळे पुसले.

ग्लेन मात्र हसला नाही. तो हळूच त्या पायरीवर बसला. ग्लास त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"बाबा, गाडी पबच्या दारात आहे," तो म्हणाला. "तुझ्यासमोर ग्लास धरताना हात कापू नये, म्हणून आधी तिथे तीन घेतले."