उरलेली किडनी

सत्यभामाला अकरा वर्षांपूर्वी थोरल्या भावाने, आसारामने, एक किडनी दिली होती. आता त्याच्या उरलेल्या किडनीच्या नळीत कॅन्सरची गाठ निघाली. लघवीतून रक्त जात असतानाही गडी चार महिने कपिलधारच्या माळावर मेंढ्या राखत राहिला, कुणाला बोलला नाही. “किडनी काढायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “पोट न फाडता लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून गाठ लेझरने जाळू.” ऑपरेशनला नेल्यावर दोन तासांनी आसारामला खाटेवर आणलं. गाठ जळाली, किडनी वाचली. दर तीन महिन्यांनी तपासणी तेवढी चुकणार नव्हती. खाटेला टांगलेल्या पिशवीतली लालसर लघवी दुसऱ्या दुपारी निवळली, तेव्हा सत्यभामाचा जीव भांड्यात पडला. “दादा, कावून सांगितलं न्हाईस?” “सांगितलं असतं, तर माजी किडनी मलाच माघारी द्यायला निघाली असतीस.” डॉक्टरांना तिने पहिल्याप्रथम तेच विचारलं होतं.